बोरिवलीचे वन आणि न्यायाची दोन मापे

रविवारची सकाळ झाली की बोरिवली स्थानकाच्या पूर्वेकडून माणसांचा एक लोंढा राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीकडे वळतो. त्यात विरार-नालासोपाऱ्याहून लोकलने आलेली कुटुंबे असतात, मालाड-मालवणीच्या वस्त्यांतील तरुण असतात, सहा दिवस पाळी करून सातव्या दिवशी मुलांना झाड दाखवावयास आणणारे कामगार असतात. बरोबर पोळीभाजीचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि एखादी सतरंजी. ज्या शहरात दहा बाय बाराच्या खोलीत दोन पिढ्या नांदतात आणि मैदाने एकामागून एक क्लबांच्या व बांधकामांच्या घशात जातात, तेथे या कुटुंबांच्या दृष्टीने झाडाखालचा तो अर्धा दिवस म्हणजे चैन नव्हे. तो त्यांच्या श्रमाचा मोबदला आहे आणि तोही अपुराच.

त्याच वेशीच्या आत नवापाडा, रावणपाडा, तुमणीपाडा असे आदिवासी पाडे आहेत. पर्यटकाला हे वन एका दिवसापुरते लागते, वारल्याला जन्मभर. आणि तरीही गेली अनेक वर्षे आपण येथे राहतो हे सिद्ध करण्याचे ओझे पर्यटकावर नव्हे, बांधकाम व्यावसायिकावर नव्हे, तर या वारल्यावरच टाकले गेले आहे. उद्यान म्हणजे करमणुकीची सोय एवढाच अर्थ घेतला की ही विसंगती नजरेआड होते. म्हणून उद्यानाचा इतिहास आणि तेथील करमणूक यांचा हिशेब एकत्रच मांडला पाहिजे.

कान्हेरीपासून विहारपर्यंत

मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेले हे वन ओसाड माळावर कोणा मंत्र्याने लावलेले नाही. त्याच्या मध्यभागी असलेली कान्हेरीची लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे खोदली जात होती. शंभराहून अधिक लेणी एकाच डोंगरात आहेत. त्यांतील शिलालेख वाचले तर दाते केवळ राजे व श्रेष्ठी नव्हते असे दिसते. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतील व्यापाऱ्यांबरोबर सोनार, लोहार अशा कारागिरांचीही दाने तेथे नोंदलेली आहेत. डोंगराचे नाव कृष्णगिरी, त्याचे अपभ्रष्ट रूप कान्हेरी. प्रत्येक विहाराजवळ खोदलेली पाण्याची पोढी आणि कातळावरचे पाणी त्यांत आणून सोडणारे पन्हळ आजही पाहावयास मिळतात. पावसाचे पाणी डोंगरावरच अडवावे, हे शहाणपण भिक्षूंच्या अंगी होते. ते शहराच्या आजच्या नियोजनकारांच्या अंगी आले आहे असे म्हणता येत नाही.

या लेण्यांत पहलवी भाषेतील तीन लेखही आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी, १००९ व १०२१ या साली, येथे येऊन गेलेल्या इराणी वंशाच्या पाहुण्यांनी ते कोरले. त्यात त्यांची नावे आणि भेटीची तिथी आहे. कान्हेरी 'बघावयास' येण्याची प्रथा निदान हजार वर्षांची आहे, याचा हा दगडी पुरावा होय.

पुढे इंग्रजी अमदानीत वाढत्या मुंबईला तहान लागली तेव्हा तिची नजर याच डोंगरांकडे वळली. १८५४ च्या दुष्काळी टंचाईने सरकारला जाग आणली आणि हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८६० साली विहार तलाव पुरा झाला. शहराला नळाने पाणी मिळण्याचा आरंभ तेथून झाला. १८७९ साली तुळशी तलाव बांधला गेला. आज भातसा, वैतरणा यांच्या तुलनेने या तलावांचा वाटा किरकोळ भासतो. तरी विहारमधून दररोज सुमारे ९ कोटी आणि तुळशीतून सुमारे १.८ कोटी लिटर पाणी शहराला मिळते आणि ते दूरच्या जिल्ह्यातील कोणाचे शेत कोरडे ठेवून आणावे लागत नाही. या तलावांच्या पाणलोटात वस्ती व कारखाने नकोत, म्हणून ते डोंगर राखले गेले. शहराने हे वन वाचविले असे बोलण्याची पद्धत आहे. खरे तर वनाने शहर वाचविले आणि त्या उपकाराचा व्याप पाण्यापुरताच नाही. दहिसर, पोईसर व ओशिवरा या नद्या याच डोंगरांतून उतरतात, विहार व पवई तलाव भरून वाहू लागले की मिठी वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीच्या काठची वस्ती बुडाली. वर डोंगरावर झाडी नसती तर त्या दिवशी काय झाले असते, याचा विचार उद्यानाच्या जमिनीचा भाव करणाऱ्यांनी कधीतरी करावा.

उपवनाचे उद्यान झाले

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. त्या काळातील कृष्णगिरी उद्यानाचे क्षेत्र २० चौरस किलोमीटरांहून थोडेसेच अधिक होते. १९६९ साली लगतची राखीव वने त्यास जोडली गेली. १९७४ नंतर ते 'बोरिवली राष्ट्रीय उद्यान' या नावाने ओळखले जाऊ लागले आणि १९८१ साली त्याला संजय गांधी यांचे नाव देण्यात आले. नामकरणाचा हा प्रकार त्या काळच्या दरबारी राजकारणाला साजेसाच होता. १९७६ साली दिल्लीत तुर्कमान गेटला गरिबांची घरे जमीनदोस्त झाली, त्या मोहिमेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्यांचेच नाव या वनाला मिळावे आणि पुढे याच वनात देशातील एक मोठी घरपाडणी व्हावी, यात इतिहासाचा काही क्रूर विनोद आहे. लोक मात्र अजूनही 'नॅशनल पार्क' एवढेच म्हणतात.

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना अमेरिकेतून आली. १८७२ साली यलोस्टोनचे पहिले उद्यान जाहीर झाले तेव्हा निसर्ग सर्व जनतेचा, हे उदात्त तत्त्व त्यामागे होते. पण त्या प्रदेशात शतकानुशतके वावरणाऱ्या मूळ जमातींना 'जनता' या शब्दात जागा मिळाली नाही. त्यांना बाहेर काढूनच ते वन 'निर्मनुष्य' झाले. भारतातील वनखात्याने हे तत्त्व आणि हा दोष दोन्ही वारशाने घेतले.

करमणुकीचा हिशेब

वेशीजवळचा जो भाग बहुसंख्य लोक पाहतात, तो उद्यानाचा लहानसा तुकडा आहे. गांधीजींचे स्मारक असलेली टेकडी, दहिसर नदी अडवून केलेल्या तळ्यातील नौकाविहार, भाड्याच्या सायकली, कान्हेरीपर्यंत सहा किलोमीटरांचा सावलीचा रस्ता आणि जाळीच्या मोटारीतून होणारी वाघ-सिंहांची सफारी, हे त्याचे परिचित रूप. 'वनराणी' ही छोटी आगगाडी तीन पिढ्यांतील मुलांच्या आठवणीत आहे. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाने तिच्या मार्गाची मोडतोड झाली आणि कित्येक वर्षे ती बंद राहिली. याच काळात, २०२२ साली, गुजरातेतील जुनागढहून सिंहांची जोडी वाघांच्या बदल्यात मोठ्या थाटाने आणली गेली. सिंह येण्यास हरकत नाही. परंतु हजारो कोटींचे भुयारी मार्ग आखणाऱ्या राज्यात मुलांच्या गाडीचा रूळ इतकी वर्षे दुरुस्त होत नाही, यावरून कोणाच्या आनंदाला सरकारलेखी किती मोल आहे ते कळते.

उद्यानाचे खरे वैभव पिंजऱ्यात नाही. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी, दीडशेहून अधिक जातींची फुलपाखरे आणि शेकडो प्रकारच्या वनस्पती येथे नोंदल्या गेल्या आहेत. तुळशी व विहार तलावांत मगरी आहेत. दर आठ वर्षांनी डोंगरउतारावर कारवी फुलते. २०१६ साली ती फुलली, २०२४ साली पुन्हा फुलली. त्या जांभळ्या बहराला तिकीट नव्हते आणि उद्घाटनाला मंत्रीही नव्हता. जांभूळमाळाचा ४६८ मीटरांचा माथा हा मुंबईतील सर्वांत उंच बिंदू होय. निसर्ग माहिती केंद्रात आणि पायवाटांवर मुलांना या गोष्टी दाखविल्या जातात, हे कौतुकास्पदच आहे. पण अशा सहलींचा लाभ मुख्यतः शुल्क भरू शकणाऱ्या शाळांना मिळतो. महापालिकेच्या शाळेतील मूल वनाच्या भिंतीला लागून राहते आणि भिंतीपलीकडे काय आहे ते त्याला ठाऊक नसते.

करमणूक ही विकत घ्यावयाची वस्तू झाली की तिचे दर वाढत जातात आणि गिऱ्हाईक बदलत जाते. पाच जणांच्या कुटुंबाने प्रवेश, वाहन, सफारी, नौका आणि कान्हेरीचे निराळे तिकीट असा खर्च जोडला की दिवसाची मजुरी केव्हाच संपते. सार्वजनिक उद्यानाची आर्थिक स्वयंपूर्णता हे ध्येय ऐकावयास बरे वाटते. पण रुग्णालय आणि शाळा यांच्याप्रमाणेच उद्यानाचाही जमाखर्च गल्ल्यावर मोजावयाचा नसतो.

झोपडी आणि मनोरा

आता मुख्य प्रश्नाकडे. १९९५ साली एका पर्यावरणवादी संस्थेने उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध याचिका केली आणि ७ मे १९९७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने झोपड्या हटविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत नाव असलेले तेवढे पुनर्वसनास पात्र ठरले आणि त्यासाठी त्यांनी प्रत्येकी ७,००० रुपये भरावयाचे होते. उरलेल्यांचे पाणी व वीज तोडून घरे पाडावयाची होती. पुढील काही वर्षांत हजारो झोपड्या पडल्या. पात्र ठरलेल्यांना आरंभी कल्याणजवळच्या शिरढोणची जागा दाखविण्यात आली. ज्याची रोजी मालाड-कांदिवलीत, त्याला घर कल्याणपलीकडे! मोठ्या लढ्यानंतर चांदिवलीत संघर्षनगर उभे राहिले. त्या वसाहतीचे नावच तिच्या जन्माची कथा सांगते.

वनात झोपड्या असाव्यात असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. वनाची जमीन तुकडे पाडून विकणारे दादा होते, त्यांना पाठीशी घालणारे अधिकारी होते, मतांसाठी नळ देणारे नगरसेवकही होते. अतिक्रमण थांबविणे आवश्यकच होते. प्रश्न मापाचा आहे.

ते माप कसे बदलते, हे पाहावयाचे तर खाजगी वनांचे प्रकरण पाहावे. उद्यानाच्या कडेने मुलुंड, भांडुप, विक्रोळी आणि ठाणे येथे जी खाजगी वनजमीन होती, तिच्याबाबत १९५०-६० च्या दशकात मालकांविरुद्ध नोटिसा निघाल्या होत्या. १९७५ च्या कायद्याने राज्यातील खाजगी वने सरकारजमा झाली. सरकारी दप्तरात मात्र या नोटिसा धूळ खात पडल्या आणि जमिनीवर परवानग्या घेऊन मनोरे उभे राहिले. २००८ साली उच्च न्यायालयाने ही जमीन वनच असल्याचे मानले. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अर्धशतक सरकारने पाठपुरावा केला नाही, जुनी नोटीस मृतवत झाली आणि पालिकेच्या परवानगीने बांधलेली घरे सद्भावनेने घेणाऱ्या नागरिकांना सरकारच्या ढिलाईची शिक्षा देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

हा तर्क माणुसकीचा आहे. आयुष्याची पुंजी घालून सदनिका घेणाऱ्या कारकुनाला वा शिक्षकाला रस्त्यावर काढणे अन्यायाचेच झाले असते. परंतु हाच तर्क झोपडीला का लागू होत नाही? तिलाही सरकारने शिधापत्रिका दिली होती, मतदारयादीत तिचे नाव घातले होते, नळ आणि विजेची जोडणी दिली होती. तेथेही शासन दशकानुदशके झोपले होते. आयुष्याची पुंजी तेथेही होती, फक्त ती पत्र्याची होती. दोन प्रकरणांत कायद्याची कलमे वेगळी असतील. माणसे वेगळी नव्हती. शासनाच्या ढिलाईचा लाभ मनोऱ्याला आणि त्याच ढिलाईची शिक्षा झोपडीला, ही विषमता केवळ न्यायालयांची नाही. ज्याला वकील परवडतो त्याचे म्हणणे सविस्तर ऐकले जाते, या समाजव्यवस्थेची ती आहे.

पाडे आणि बिबटे

झोपडपट्टीच्या या लढ्यात सर्वांत अधिक भरडला गेला तो आदिवासी. त्याला अतिक्रमकांच्याच यादीत घालण्यात आले. त्याच्यासाठी आरेमधील मरोळ-मरोशी येथे सदनिका बांधण्याची योजना पुढे आली, जणू अंगण, भाजीचा तुकडा, झाडे आणि देव हे सारे उद्वाहनातून चौथ्या मजल्यावर नेता येते! नळ, वीज, शौचालय अशा साध्या गोष्टींसाठी या पाड्यांना वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले आणि 'राष्ट्रीय उद्यानात बांधकामास मनाई' हे उत्तर ऐकावे लागले.

२००६ चा वनहक्क कायदा या संदर्भात निःसंदिग्ध आहे. त्यातील वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानेही येतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून राहणाऱ्या आदिवासींचे हक्क तो मान्य करतो आणि हक्कांची मान्यता व पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाही वननिवासीला हटविता येणार नाही, असे सांगतो. महानगराच्या हद्दीत ग्रामसभा कोठून आणावयाची, अशी सबब सांगितली जाते. कायद्याने जुन्या वस्त्यांनाही गावाच्या व्याख्येत सामावून घेतले आहे. ज्या सरकारला ग्रामसभा सापडत नाही, त्याला पाडा पाडण्यासाठी मात्र पत्ता बरोबर सापडतो.

वन राखावयाचे तर माणसे हटविली पाहिजेत, असा युक्तिवाद बिबट्याच्या नावाने केला जातो. २००२ ते २००४ या काळात येथे बिबट्यांचे हल्ले वाढले, अनेकांचे प्राण गेले, वनालगतच्या वस्त्यांतील मुले बळी पडली. त्या वेळी सापळे लावून बिबटे पकडण्याची आणि एका ठिकाणचे दुसरीकडे नेऊन सोडण्याची पद्धत होती. या उचलबांगडीनेच संघर्ष चिघळतो, असे जीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखविले. २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून निराळा मार्ग धरला. कचरा हटवावा, उजेड ठेवावा, मुलांना रात्री एकटे सोडू नये आणि बिबट्याला त्याच्या जागी राहू द्यावे, हे त्याचे सार. २०१८ च्या गणनेत उद्यान व परिसरात ४७ बिबटे आढळले. जगातील अत्यंत दाट वस्तीच्या महानगरात एवढे बिबटे नांदतात आणि त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा असतो.

पण हे सहजीवन वारल्यांना नव्याने शिकवावे लागले नाही. त्यांचा वाघोबा पाड्याच्या सीमेवर शेंदूर लावून बसलेला आहे. वाघबारसेला त्याला नैवेद्य दाखविला जातो. अभ्यासकांनी जे निष्कर्ष रूपाने मांडले, ते पाड्यातील आजी व्यवहार म्हणून जाणते. असा शेजारी वनाबाहेर काढून त्याच्या जागी पगारी पहारेकरी नेमणे हा शहाणपणा नव्हे.

डोंगराखालचे मार्ग

आणि ज्यांना वनाची एवढी काळजी, त्यांनी स्वतः काय केले? २०१६ साली उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले, तेव्हा आरेतील मेट्रो कारशेडची जागा त्यातून वगळण्यात आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच रातोरात तेथील झाडांवर करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला स्थगिती दिली तोवर २,१४१ झाडे पडली होती. २०२१ साली आरेतील ८१२ एकर राखीव वन म्हणून अधिसूचित झाले खरे, परंतु २०२२ च्या सत्तांतरानंतर कारशेड पुन्हा आरेतच आली. जुलै २०२४ मध्ये गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली या दोन जोडभुयारांच्या कामाचा शुभारंभ झाला. दोन्ही मार्ग उद्यानाच्या पोटातून जाणारे आहेत. ठाणे-बोरिवली भुयाराची लांबीच दहा किलोमीटरांहून अधिक आहे.

मेट्रो ही सामान्यांची गाडी आहे, तिला विरोध असण्याचे कारण नाही. भुयारामुळे वरचे झाड वाचते, हेही खरे. परंतु डोंगराच्या पोटातील झरे कोठे वळतील, निघालेला मुरूम कोठे टाकला जाईल, आणि तोंडाशी ज्यांची घरे जातील त्यांचे काय, या प्रश्नांची उत्तरे जनतेसमोर, तिच्या भाषेत, मांडली गेली पाहिजेत. वारल्याने पाड्यात चौथी भिंत घातली तर वन धोक्यात येते आणि मोटारींसाठी दहा किलोमीटर डोंगर पोखरला तर वन सुरक्षित राहते, हे वनशास्त्र सामान्य माणसाच्या बुद्धीला पटणारे नाही.

करावयाचे काय?

या प्रश्नात वनप्रेमी विरुद्ध गरीब अशी फळी उभी करणे प्रस्थापितांच्या सोयीचे असते. वन तुटले तर पहिले पाणी चाळीत शिरते, उंच मनोऱ्यात नव्हे. हवा नासली तर पहिला दमा झोपडीतील मुलाला होतो. म्हणून वनरक्षण हा श्रमिकांचाच कार्यक्रम असला पाहिजे, आणि श्रमिकांना वगळून केलेले वनरक्षण टिकणारही नाही.

त्या दृष्टीने काही गोष्टी सत्वर व्हावयास हव्यात. पाड्यांचे वनहक्काचे दावे आधी निकालात काढावेत, तोवर एकाही आदिवासी घराला नोटीस लागू नये. पाड्यांना पाणी, वीज व शौचालय मिळावे आणि उद्यानातील वाटाडे, रखवालदार, माहितगार या नोकऱ्यांत त्यांच्या मुलांना कायम स्वरूपाचे प्राधान्य असावे. महापालिका शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून एक दिवस विनामूल्य वनदर्शन घडावे. प्रवेशाचे दर मजुरीशी मिळतेजुळते राहावेत. उद्यानाच्या हद्दीवरील प्रत्येक बांधकामाचा, मग ते पत्र्याचे असो वा काचेचे, एकच जाहीर नकाशा असावा आणि त्याला एकच नियम लागू व्हावा. भुयारांच्या पाण्याच्या व मुरुमाच्या नोंदी दरमहा प्रसिद्ध कराव्यात.

कान्हेरीच्या डोंगरात लोहाराच्या आणि सोनाराच्या दानाची नोंद श्रेष्ठींच्या नोंदीबरोबर, त्याच दगडावर, त्याच लिपीत झाली. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या डोंगराने माणसांची नोंद करताना दोन मापे वापरली नाहीत, त्याच डोंगराच्या पायथ्याशी आजचे शासन झोपडीला एक गज आणि मनोऱ्याला दुसरा गज लावते. उद्यानाची वेस रविवारी कष्टकऱ्यांसाठी उघडते, तशी न्यायाची वेसही त्यांच्यासाठी उघडावी लागेल. ती आपोआप उघडणार नाही. पाड्यातील आदिवासी, वस्तीतील कामगार आणि वनावर मनापासून प्रेम करणारा मध्यमवर्गीय हे तिघे एकत्र आले तरच ती उघडेल.